माया

रामबागेत, पिठाच्या गिरणीशेजारी माझं दुकान.
दुकान म्हणजे जिन्याखालची जागा,
एक मशीन, एक आरसा,
आणि पाटीवर 'वेळेवर मिळेल',
जे नेहमीच खरं नसतं.

बोरगावकर बाईंनी ब्लाउज परत आणला
तो उलटा करून.
सुलट बाजू त्यांनी पाहिलीच नाही.
अंगठ्याच्या नखानं शिवण चाचपत गेल्या,
डाळीतला खडा शोधावा तशा,
आणि दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या,
"डावा खांदा उतरतोय. बगलेत ओढतं.
आणि माया कुठे सोडलीस?
अर्धा इंचसुद्धा नाही.
चूक निघाली तर सुधारणार कशात?"

मी म्हटलं, कापडच कमी होतं.
ते खोटं होतं.
उरलेल्या तुकड्याची मी
पोरीच्या बाहुलीला साडी नेसवली होती.

दिवसभर पायडल जोरात हाणलं.
दोनदा सुई मोडली.
समोरच्या शेववाल्या जैननं विचारलं, "क्या हुआ, भाभी?"
म्हटलं, एक बाई आहे, तिला कुणाचं बरं बघवत नाही.
"कौन, वो मास्टरनी?
हमारी सेव में भी नमक ज़्यादा बताती है."
आम्ही दोघं हसलो. बरं वाटलं.
रात्री मात्र वाटेना.

जुन्या वह्या काढल्या.
नऊ वर्षांत किती जणी
"छान झालाय गं" म्हणाल्या, पैसे दिले,
आणि पुढचं कापड घेऊन मल्हारगंजात गेल्या.
नावं मोजत एकोणीसवर थांबले.
एकीनंही काही सांगितलं नव्हतं.

सकाळी ब्लेड घेऊन बसले.
शिवण्याहून उसवायला जास्त वेळ लागतो,
आणि धागा निघाला तरी
सुईची भोकं राहतात कापडावर,
मुंग्या निघून गेल्या आणि रांग तेवढी राहिली, तशी.
पाण्याचा हात फिरवला, इस्त्री केली.
काही मिटली.

माप घ्यायला त्यांच्या घरी गेले.
बाईंनी शाल बाजूला ठेवली
तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं,
डावा खांदा खरंच पाऊण इंच खाली.
"एकतीस वर्षं," म्हणाल्या,
"वह्यांची पिशवी याच खांद्यावर.
शाळेत तपासून व्हायच्या नाहीत, घरी आणायचे."

एकतीस वर्षं पोरांची चुकलेली गणितं
शाळेपासून घरापर्यंत,
आणि दुसऱ्या दिवशी परत.
टेप माझ्या हातात तशीच राहिली.

बगलेत कळी घालायला कापड पुरेना.
पोर शाळेत गेल्यावर
बाहुलीची साडी सोडली.
संध्याकाळी ती रडली,
आणि मला तिला काही समजावता आलं नाही.

तेव्हापासून मापाच्या वहीत
खांद्याला दोन रकाने आखते.
डावा. उजवा.
आणि गंमत बघा,
अजून एकाही बाईचे
दोन्ही आकडे सारखे आलेले नाहीत.

माया आता इंचभर सोडते.
बाहेरून दिसत नाही.
घालणारीलाही ठाऊक नसतं,
आत थोडं कापड दुमडून ठेवलंय
उद्या कुणी काही बोललं तर.

काल बाई आल्या.
आरशासमोर उभं राहून हात वर केला,
फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहावी तसा,
आणि बराच वेळ तिथेच ठेवला.
जैन शेव तोलायचा थांबला.
"हं," म्हणाल्या, "खांदा बसला."
मग जरा थांबून,
"बगलेत अजून किंचित ओढतं."

मी स्टूल पुढे सरकवलं,
खडू त्यांच्या हातात दिला.
कुठे, म्हटलं.
खूण करा.